मित्राच्या घरचा कॉम्प्युटर
झेंडूच्या वासाने अजून माझं डोकं फिरतं. कॉलेजात गेलेला आमच्या घरातला मी पहिलाच. मित्राने आणि मी पैसे जमवले, ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या भंगारातून जुने पार्ट आणले आणि गेम चालेल असा कॉम्प्युटर मी जोडला. आमच्या बौद्धवाड्यातल्या खोलीत जागा नव्हती, म्हणून तो डोंबिवलीला मित्राकडेच ठेवला. दसऱ्याला खेळायला गेलो, तर कॉम्प्युटरला झेंडूचा हार घातलेला. त्याची आई म्हणाली, "अरे, पूजा झालीये, हात नको लावूस." "काकू, जोडलाय मीच." "म्हणून तर गोमूत्र शिंपडलं," त्या हसून म्हणाल्या. मित्र त्याच कॉम्प्युटरवर गेम खेळत राहिला. मी परत गेलो नाही. परवा भेटला, म्हणाला, "उगाच मनाला लावून घेतलंस रे." मी विचारलं, "तू हात लावलेल्या वस्तूवर कधी कुणी शिंपडलंय?"