हारुओ सान, म्हणजे आमचे हरिभाऊ

हरिभाऊ गेले.

परवा. ओसाकाच्या एका दवाखान्यात.

नाव हारुओ, जपानी रीतीने आदराने हारुओ सान. तुमसरच्या राइस मिलमधल्या हमालांनी दुसऱ्याच दिवशी त्याचं हरिभाऊ करून टाकलं. तेही त्या नावाला ओ द्यायला लागले.

तांदळातला काळा दाणा वेचणारी मशीन बसवायला जपानच्या कंपनीने त्यांना पाठवलं होतं. तीन आठवडे राहिले. वय पन्नाशीच्या आसपास, उंची माझ्याएवढीच, नाक थोडं वाकडं.

माझे बाबा त्या मिलमध्ये ऑपरेटर. घरात इंग्रजी येणारी मी एकटी, म्हणून बोलणं समजावून सांगायला मला बोलावलं. त्यांचं इंग्रजी तुटकं, माझं त्याहून तुटकं. उरलेलं मोबाईलवर ट्रान्सलेट.

मी तेव्हा बावीस वर्षांची. जवाहरनगरला सरांकडे बॉक्सिंग शिकत होते. नागपूरच्या ट्रायल्सना आठ दिवस उरले होते आणि अठ्ठेचाळीस किलोच्या गटात बसायला माझं वजन तीन किलो जास्त होतं.

घरी सांगितलं, उपास आहे.

खरं म्हणजे मी पाणीसुद्धा घोटभरच प्यायचे. भर मे महिन्यात रेनकोट घालून धावायचे. दिवसभर चिंगम चघळायचे आणि थुंकायचे. तेवढंच पाणी अंगातून कमी.

बाबा वैतागले. "सारखी काहून थुकून राहिली व पोरी?"

हरिभाऊ मात्र दोन दिवस नुसते बघत होते. तिसऱ्या दिवशी हातातला पाना खाली ठेवून माझ्याजवळ आले.

"बॉक्सर?"

मी चिंगम थुंकून मान हलवली.

"अजून किती किलो?"

माझ्या आईला जे कळलं नाही, ते या परक्या माणसाने ओळखलं होतं.

त्याच दुपारी मी मिलच्या पायऱ्यांवर कोसळले. डोळे उघडले तेव्हा डोकं बारदान्याच्या थप्पीवर होतं. हरिभाऊंच्या हातात मीठ-साखरेच्या पाण्याचा गिलास.

"पी."

"नाही. वजन वाढेल."

"पी!"

एवढासा माणूस असा ओरडला की हमाल हातातलं पोतं तसंच धरून उभे राहिले.

मी प्यायले. मग त्यांनी सांगितलं.

अठराव्या वर्षी ते प्रोफेशनल झाले. दिवसा मशीनच्या कारखान्यात नोकरी, संध्याकाळी जिम. गट एकोणपन्नास किलोच्या आतला. लागोपाठ जिंकत गेले. पंचविसाव्या वर्षी राष्ट्रीय टायटलची फाईट मिळाली. कारखान्यातले लोक बॅनर घेऊन आले.

वजनाच्या दिवशी चारशे ग्रॅम जास्त भरले. कढत पाण्याच्या टबात बसून त्यांनी ते उतरवले. दुसऱ्या दिवशी रिंगमध्ये गेले.

"सहाव्या राउंडनंतरचं मला काहीच आठवत नाही," ते म्हणाले. "माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस. तो मला व्हिडिओवर बघावा लागतो. हरताना."

मग कोचशी भांडून ते दोन गट वर गेले, बावन्न किलोवाल्यांत. समोरचे सगळे उंच, लांब हातांचे. पहिल्या दोन फाईट हरले. पेपरवाल्यांनी लिहिलं, संपला. हे पोटभर जेवत राहिले, पायांवर मेहनत करत राहिले.

एकोणतिसाव्या वर्षी तेच टायटल त्यांनी वरच्या गटात जिंकलं. दोनदा राखलं. तिसऱ्या वेळी हरले, आणि त्या फाईटमध्ये डोळ्याचा पडदा सरकला. डॉक्टर म्हणाले, बस.

"मग?"

"मग सोमवारी कामावर गेलो."

मी रडत म्हणाले, "तुम्ही चॅम्पियन झालात, तुम्हाला बोलायला सोपं आहे. मला एकच चान्स आहे."

त्यांनी मोबाईल काढून टायटल जिंकल्याची फाईट लावली. सगळी मिल त्या एवढ्याशा स्क्रीनभोवती जमा झाली. समोरचा गडी वीतभर उंच, आणि आमचे हरिभाऊ त्याच्या हाताखालून आत घुसून बरगड्यांवर, बरगड्यांवर.

"हाण हरिभाऊ! अजून एक दे!"

शेवटी पंचांनी त्यांचा हात वर केला आणि स्क्रीनवरचा तो माणूस ढसाढसा रडायला लागला.

बाबांनी विचारलं, "जिंकले, मंग रडले काहून?"

मी समजावून विचारलं. ते म्हणाले, "पायात ताकद उरली होती म्हणून." आणि हसून दहा बोटं दाखवली. "दहाव्या राउंडलासुद्धा."

बाबा माझ्याकडे वळले. "मले तं उपास सांगतला होता तुनं."

त्यांचा तो आवाज मला अजून ऐकू येतो.

मी सरांना फोन लावला. ते चिडले, पण एक्कावन्न किलोत नाव टाकलं. उरलेल्या दिवसांत शिफ्ट संपली की हरिभाऊ हातांना बारदाना गुंडाळून उभे राहायचे आणि मी मारायचे. "आत ये! लांबून नाही, आत ये!"

ट्रायल्स मी हरले. सेमीफायनलला, थोडक्यात. पुढच्या वर्षी त्याच गटात निवड झाली, आणि राज्य स्पर्धेत सिल्व्हर.

आज भंडाऱ्यात मी शाळेतल्या मुलींना बॉक्सिंग शिकवते. माझ्याकडे कोणी उपाशी राहून वजन उतरवत नाही. कोणी तसं केलं तर आधी जेवण, मग ग्लोव्हज.

त्यांच्या फोनमधले माझे जुने मेसेज वाचून काल त्यांच्या मुलीचा मेसेज आला. "बाबा घरी बॉक्सिंगबद्दल कधीच बोलले नाहीत. तुम्हाला काय सांगितलं होतं?"

मी व्हिडिओ कॉल केला. वर लिहिलेलं सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली, मध्येच वाकून नमस्कार करत राहिली. शेवटी माझ्या बाबांनी फोन घेतला. इंग्रजी नाही, जपानी नाही.

"बाई, तुझ्या बापानं माही पोरगी वाचवली."

मी त्याचं भाषांतर केलं नाही. तिला कळलं होतं.

हारुओ सान, तुमसरच्या मिलमधल्या सगळ्यांकडून तुम्हाला श्रद्धांजली. शांत झोपा.