टेपशिवाय डिस्क चालेना
अमेरिकेतल्या पिस्कॅटवे गावच्या त्या कंपनीत वसुधा खाडिलकरला कुणाविषयी आदर नव्हता, आणि तसा आव आणायची तसदीही ती घेत नसे. दिगंबर नाडकर्णीला ती मनातल्या मनात शहाणा म्हणे, कुमार परचुरेला दीडशहाणा. दोघेही ड्रायव्हर लिहीत, म्हणजे कॉम्प्युटरला जोडलेलं एकेक उपकरण चालवणारा प्रोग्रॅम. माहिती साठवायच्या उपकरणांपैकी दिगंबरचा टेपचा, कुमारचा डिस्कचा. टेबलं शेजारीशेजारी, पण बोलणं बंद. तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत कुमारने ‘जेवण थंड होतंय’ म्हणून दिगंबरच्या नाटकाचा शेवटचा अंक कापायला लावला होता, तेव्हापासून. चाळिशीला आलेले बाप्ये, आणि बालवाडीतल्यासारखी कट्टी!

वसुधाचं काम कर्नल बांधायचं. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. गिऱ्हाइकाकडे जी उपकरणं असतील तेवढेच ड्रायव्हर त्यात घालायचे. या दोघांच्या लेखी ती हमाली होती.

शहाऐंशीच्या मार्चमध्ये ओहायोतल्या डब्लिनजवळच्या एका पंपांच्या कारखान्याची ऑर्डर आली. त्यांच्या मशीनला टेप नव्हती. वसुधाने कॉन्फिगरेशन फाईलमधली, म्हणजे उपकरणांच्या यादीतली, टेपची ओळ काढली आणि बिल्ड, म्हणजे कर्नलची बांधणी, सुरू केलं. ते मध्येच मोडलं. डिस्कच्या ड्रायव्हरला एक फंक्शन, म्हणजे कोडचा एक तुकडा, हवं होतं, आणि ते होतं टेपच्या ड्रायव्हरमध्ये. तिने ओळ परत घातली. आता बिल्ड सुरळीत झालं, पण मशीन सुरू होईना. टेपचा ड्रायव्हर अस्तित्वातच नसलेल्या टेपची वाट बघत ठिय्या देऊन बसला होता.

तिने दोघांचा कोड उघडला आणि कपाळाला हात लावला. कुमारने दिगंबरचा वेळ मोजणारा टायमर न विचारता वापरला होता, दिगंबरने कुमारचा बफर, म्हणजे माहिती तात्पुरती ठेवायची जागा. तोंडाने बोलायचं नाही, पण एकमेकांच्या ताटातलं मात्र उचलायचं.

“कुमार, तुझी डिस्क टेपशिवाय चालत नाही,” ती म्हणाली.

“इम्पॉसिबल. माझा ड्रायव्हर परफेक्ट आहे. त्याला सांग त्याचा फिक्स करायला.”

“तो हा बसलाय. तूच सांग.”

“यार वसुधा, बिल्ड तू करतेस ना? मग कर काहीतरी मॅनेज.”

दिगंबर मान वर न करता म्हणाला, “वसुधा, त्याला म्हणावं, दुसऱ्याची वस्तू घेण्याआधी विचारायची पद्धत असते.”

“आणि तू त्याचा बफर घेतलास तो कुणाला विचारून?”

दिगंबरने चष्मा काढून पुसला. “ते वेगळं आहे.”

ती मॅनेजरकडे गेली. हॅरल्ड सरळमार्गी माणूस होता. डोक्याला त्रास देणं त्याला पाप वाटे. “सगळ्यांना सगळेच ड्रायव्हर देऊन टाकू,” तो म्हणाला. मशीन सुरू होत नाही, असं तिने सांगितल्यावर त्याचा चेहरा उजळला. “मग त्यांना एक टेप विकू!”

वसुधा जागेवर आली आणि कुणालाही न विचारता कामाला लागली. टायमर आणि बफर तिने दोघांच्या कोडमधून उपटले आणि तिसऱ्या, सामायिक फाईलमध्ये ठेवले. कॉन्फिगरेशनच्या प्रोग्रॅमलाही तिने अक्कल शिकवली. कुठल्या ड्रायव्हरला काय लागतं ते त्याच्या ओळीतच लिहायचं. लागेल ते प्रोग्रॅमने आपणहून ओढून घ्यायचं. आणि न मिळाल्यास सुरुवातीलाच थांबून स्पष्ट सांगायचं. टेप नसलेला कर्नल बांधला गेला, मशीन सुरू झालं, फ्लॉप्या ओहायोला रवाना झाल्या. कारखान्याकडून तक्रार आली नाही. तिच्या कामाला मिळणारी शाबासकी एवढीच.

पाडव्याला मंडळाचं पॉटलक होतं, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचं जेवण. वसुधा श्रीखंड घेऊन हॉलमध्ये शिरली आणि थबकली. दिगंबर आणि कुमार एकाच टेबलाशी, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत. दिगंबरची बायको सुलेखा तिच्याजवळ आली.

“बरं झालं गं, तुझ्यामुळे बोलायला लागले.”

“माझ्यामुळे?”

“अगं, तू दोघांच्या कोडला हात लावलास ना! आठवडाभर फोनवर तेच चाललंय.”

तेवढ्यात कुमारने हाक मारली. “वसुधा, चांगलं केलंस, पण आधी आम्हाला विचारायला हवं होतंस.”

“रीतसर,” दिगंबरने जोड दिली.

तिच्या ओठांवर उत्तर आलं होतं, चांगलं धारदार. पण दोघांचे तृप्त चेहरे बघून तिला वाटलं, इथे धार वाया जाईल. तिने श्रीखंडाचं भांडं टेबलावर आदळलं आणि जेवायला न थांबता निघाली. गाडीत मात्र तिचे डोळे भरून आले, आणि त्याचाच तिला सगळ्यात जास्त राग आला. असल्या माणसांसाठी रडायचं?

पुढे हॅरल्डने कॉन्फिगरेशनचा वेगळा ग्रुप काढला आणि त्या ग्रुपच्या डोक्यावर कुमारला बसवलं. वसुधाने उन्हाळ्यात पार्सिपनीतली नोकरी धरली. तिथल्या श्रीराम गोखल्यांनी पहिल्याच दिवशी हसत हसत विचारलं, “तुम्ही फार शिष्ट आहात असं ऐकलंय, खरं का?”

“बरोबर ऐकलंत,” ती म्हणाली. “ड्रायव्हरचा सोर्स कोड कुठे ठेवता?”