गावाची दिवेलागण

वामनभावजी गेल्याचा फोन आला, तेव्हा मी भोकरदनला नातीकडे होते. फोन ठेवला आणि मनात पहिलं काय आलं असेल… आता मला हसणारं कोणी उरलं नाही. माझ्या वयाच्या बाईला लोक वाकून नमस्कार करतात, खुर्ची देतात, पण तोंडावर हसत नाहीत. माझे हे धाकटे दीर हसायचे. त्यांना तो हक्क होता. लग्न झालं तेव्हा मी किती बावळट होते, हे पाहिलेला तो शेवटचा माणूस.

निजामाच्या राज्यातली गोष्ट. मी टेंभुर्णीहून जुन्या जालन्यात सासरी आले, त्याच सुमारास भावजींनी वीज विकायचा धंदा काढला होता. कुंडलिका नदीपलीकडे स्टेशनच्या बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये तेलावरचं इंजिन, तिथून लाकडी खांबांवरून तारा. घरात बटन नसायचंच. दिवस मावळला की इंजिनघरातला मोठा खटका ओढायचे आणि सगळ्या गिऱ्हाइकांचे दिवे एकदम लागायचे. पण गिऱ्हाइकं होती कुठं? खुद्द कंपनीवाल्याच्या घरी कंदील! सासूबाईंनी साफ सांगितलं होतं, "ज्या दिव्याला लावणारा हात न्हाई, त्याला मी हात जोडणार न्हाई. अन् हात जोडता येत न्हाईत असला दिवा माझ्या घरात नको." गल्लीतले लोक भावजींना विचारायचे, "तुमच्या आईलाच नको, मंग आम्हाला कशाला?" इंजिन मात्र दिवे थोडे असोत की पुष्कळ, तेल पिणारच. दिवाळीपर्यंत घरं जोडली गेली नाहीत तर ते मोडीत काढायचं, असं भावजी एकदा माझ्या यजमानांना म्हणाले. मी दाराआडून ऐकलं.

दाराआडून ऐकणं हा माझा त्या काळातला मुख्य उद्योग. दुसरा, कंदिलाच्या काचा राखेनं पुसणं. पुसता पुसता मी खिडकीतून समोरच्या अत्तरवाल्या चाचांच्या दुकानात बघायची. तिथं एक बल्ब होता. अंधार पडला की तो आपला आपण लागायचा. कोणी हात लावत नाही, काडी ओढत नाही. मी ठरवून टाकलं की हे फळासारखं आहे, वेळ झाली की पिकतं. चौथी पास होते ना, डोकं चालवल्याशिवाय कशी राहीन! पंचमीला माहेरी निघाले तेव्हा भावजींकडे एक बल्ब मागितला. "न्या की वहिनी, लोकं बघतील तरी," म्हणाले बिचारे. टेंभुर्णीत मी तो सुतळीनं आढ्याला टांगला, अख्खी आळी गोळा केली, आजीला पुढं बसवलं आणि म्हणाले, "आता बघा." सगळे हात जोडून बसले. अंधार पडला. आणखी पडला… शेवटी अंधारातूनच आजीचा आवाज आला, "पोरी, सासरी तुला खायला घालून राह्यलेत ना बराबर?"

मला पोचवायला आलेल्या भावानं ही कथा जालन्यात इमानेइतबारे पोचवली. चाचा दुकानातून ओरडले, "वामनराव, बहू कू साथ में तार भी बांध के देना था ना!" भावजी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. मग डोळे पुसत म्हणाले, "वहिनी, चूक तुमची न्हाई. मी दिवे विकून राह्यलो, पण दिवा कुठून येतो ते दाखवलं कोणाला? आईला तरी कुठं दाखवलं?"

दुसऱ्या दिवशी दिवस मावळायच्या सुमारास त्यांनी टांगा आणला. सासूबाई हटून बसल्या. "इंजिन बघून मी काय करू?" भावजी म्हणाले, "नुसतं बघ. न्हाई पटलं तर दिवाळीची वाट बघत न्हाई, उद्याच मोडतो." सोबतीला मला घेतलं. शेडमध्ये कानठळ्या बसत होत्या. सासूबाईंनी नाकाला पदर लावून विचारलं, "गावाचा दिवा लावतं कोण?" भावजींनी तेलानं माखलेल्या मिस्त्रीकडे बोट दाखवलं. "ह्यो? अन् आंघोळ कधी केल्ती ह्यानं?" मिस्त्री लाजून मागं सरला. सासूबाईंनी कनवटीची कुंकवाची डबी काढली, बोट ओलं केलं आणि निघाल्या खटक्याकडे… "आई, कोरडं! कोरडं कुंकू!" भावजींनी झेप घेऊन त्यांचा हात धरला. मग त्यांनी लाकडी चौकटीवर कोरडी चिमूट वाहिली आणि भावजींच्या सांगण्यावरून दोन्ही हातांनी खटका ओढला. नदीपलीकडे ठिपके उमटले. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग हात जोडले आणि भावजींकडे वळल्या.

"हे दिवे आता मी लावलेत. कोणा एकाच्या घरचा जरी लागला न्हाई, तरी तो माझ्याच घरचा लागला न्हाई. तो लागेस्तोवर तू पानावर बसायचं न्हाई. कबूल?"

"बिलकुल कबूल."

चाचांच्या दुकानातून ही बातमी अत्तरापेक्षा जल्दी पसरली. दिवाळीला आमच्या घरी बल्ब लागला, मागोमाग गल्ली लागली, इंजिन वाचलं. मी काचा पुसण्यातून सुटले आणि भावजींचं ताट झाकून ठेवण्यात अडकले. जेवणाआधी ते सायकलवरून गल्ल्या बघून येत. "वीज तुमची गरम, आमटी आमची गार," असं मी पुटपुटायची, त्यांना ऐकू जाईल इतपत.

पुढं सासूबाई गेल्या, निजामाचं राज्य गेलं, कंपनीही सरकारकडे गेली. कबूल केलेलं मात्र गेलं नाही. सायकल सुटल्यावर भावजी संध्याकाळी गच्चीवर चढायचे, सगळीकडे नजर फिरवायचे आणि एखादी आळी अंधारात दिसली की वीज ऑफिसला फोन करायचे. मुलांना लाज वाटायची. मी चिडवायची, "भावजी, कंपनी गेली, आता तरी वेळेवर जेवा." ते हसायचे आणि गच्चीवरच थांबायचे.

परवा संध्याकाळी जालन्याच्या घरी सुनेनं पानं घेतली. मी गुडघे धरत गच्चीवर गेले. का गेले, कोण जाणे. मागची गल्ली काळोखात होती. खाली येऊन ऑफिसला फोन लावला.

"आजी, तुमची लाइट गेली का?" पलीकडच्या मुलानं विचारलं.

"माझी आहे. मागच्या गल्लीची गेलीय."

"मंग तुम्हाला काय अडचण आहे?"

"मला जेवायचंय, बाबा."