बॉयलरच्या तोंडाशी टांगलेली माळ

त्या वर्षी मी देवाशी बोलणं टाकलं होतं असं म्हटलं, तर ते खोटं होईल. मी रोज बोलत होते. पण ती प्रार्थना नव्हती, भांडण होतं. पापडीच्या आमच्या ख्रिस्ती देवळात सकाळच्या मिस्साला, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला, गुडघे टेकायचे आणि मनात म्हणायचे, ‘आधी वर्कशॉप उघड, मग बघू.’ जणू तो केळ्यांचा व्यापारी आणि मी भाव ठरल्याशिवाय घड न सोडणारी बाई. माझा स्वभावच तसा आहे. लहानपणी आई म्हणायची, हिला स्वर्गाच्या दारात उभी केली तरी ही आधी आत काय काय आहे ते विचारील.

वर्कशॉप म्हणजे स्टेशनपलीकडचा रेल्वेचा जुना कारखाना. साहेबाच्या अमदानीत बांधलेला, दगडी भिंतींचा. वाफेच्या इंजिनांचे बॉयलर तिथे दुरुस्त व्हायचे. माझे सासरे तिथेच राबले आणि त्यांच्यामागून आमचे हे. आसपासच्या गावांतले ख्रिस्ती, हिंदू, मुसलमान, सगळे एका भोंग्यावर निघायचे आणि एका भोंग्यावर परतायचे. खंडेनवमीला तिथे यंत्रांची पूजा असायची, तेव्हा हारांची फुलं आमच्या वाड्यांतून जायची. नाताळात मी तळलेल्या करंज्या ह्यांच्या डब्यातून जायच्या आणि डबा बहुतेक वेळा ह्यांच्या हाती लागायच्या आधीच रिकामा व्हायचा.

बॉयलरच्या खात्यात दिवसभर लोखंडावर घण पडत. तिथे काम करणारा माणूस पाचसहा वर्षांत बहिरा होतोच. ह्यांना कमी ऐकू येऊ लागलं तेव्हा शेजारणी हळहळल्या. मी म्हटलं, लग्न झाल्यावर सगळ्याच पुरुषांना कमी ऐकू येतं, आमच्या ह्यांना निदान त्याचा पगार मिळतो. पण त्या खात्यात सगळेच अर्धे बहिरे असल्यामुळे एक रीत पडली होती. बॉयलरच्या पोटात उतरून काम करायचं असलं, की माणूस आपल्या नंबराचा पितळी बिल्ला बॉयलरच्या तोंडाशी खिळ्याला टांगायचा आणि मग आत शिरायचा. बिल्ला दिसला की आत माणूस आहे. मग कितीही मोठा साहेब असो, त्या बॉयलरला कोणी हात लावायचा नाही. बाहेर आलेल्या माणसानेच आपला बिल्ला काढायचा. हाका मारून उपयोग नव्हता, म्हणून ही रीत.

पुढे वाफेची इंजिनं कमी कमी होत गेली आणि शेवटी कारखाना बंद झाला. मोर्चे निघाले, निवेदनं दिली गेली, आम्ही बायकांनी नऊ दिवसांच्या प्रार्थनेची नोव्हेना केली. काही झालं नाही. शेवटच्या दिवशी सगळ्यांनी आपापले बिल्ले फाटकावर जमा केले. खाण्यापिण्याची आम्हांला ददात नव्हती. वाडी होती, केळी होती, मी ती वाळवून सुकेळी करून विकत होते. पण ह्यांचं बोलणं बंद झालं. वाडीतल्या बावखलाच्या काठी बसून पाण्याकडे बघत राहायचे. रात्रीच्या जेवणाआधी आम्ही सगळे, मुलंसुनांसकट, घरातल्या वेदीपुढे मेणबत्ती लावून जपाची माळ म्हणत असू, तेव्हा हे उठून बाहेर जाऊ लागले. एकदा मी अडवलं, तर म्हणाले, “मला ऐकू येत नाही आणि त्यालाही येत नाही. दोन बहिऱ्यांनी बोलायचं काय?” मला राग आला, आणि रागापेक्षा भीती जास्त वाटली, कारण माझ्याही मनात तेच होतं. तरी रोज सकाळी मी माझ्या आईची जुनी माळ ह्यांच्या सदऱ्याच्या खिशात टाकायचे. हे ती काढून टाकत नसत, इतकंच.

पावसाळा संपून उन्हं तापू लागली होती. एके दिवशी हे सकाळी गेले ते जेवायला आले नाहीत. बावखलावर नव्हते. वाडीत नव्हते. दुपार कलू लागली तशी मी घराबाहेर पडले. मी देवळात गेले, पण तिथे गुडघेसुद्धा टेकवेनात. त्या भल्यामोठ्या शांत देवळात उभी राहून मी मोठ्यांदा म्हणाले, “माझ्याच्याने आता होत नाही. वर्कशॉप नको उघडूस. काहीच नको. माझा माणूस तेवढा सांभाळ.” आणि रडत बाहेर आले.

देवळाच्या फाटकाशी सावलीला नेहमीची मासळीवाली पाटी उतरून बसली होती. माझं तोंड बघून तिने विचारलं आणि ऐकताच म्हणाली, “तुजा मानूस ना? सकाळी त्या बंद वर्कशॉपात शिरताना बघितला मी. म्हटलं, दादा, पानी पिऊन जा. वळूनपन बघितला नाय.” तिथे आता भंगारवाल्याची माणसं आली आहेत, सगळं तोडून नेतायत, हेही तिनेच सांगितलं. तीच बिचारी पाटी शेजारणीवर सोपवून माझ्याबरोबर निघाली आणि रस्त्यावर एक टांगा थांबवून तिने मला आत बसवलं.

कारखान्याच्या आवारात पोचलो तेव्हा बॉयलरच्या खात्यात आरडाओरडा चालला होता. छप्पर काढलेलं, वरून ऊन आत पडलेलं. एका प्रचंड बॉयलरला साखळ्या आवळलेल्या होत्या आणि क्रेन तो उचलायच्या तयारीत होती. उचलून बाहेर नेऊन खाली सोडायचा, म्हणजे तो आपल्याच वजनाने फुटतो, असं त्यांचं काम चाललं होतं. पण बॉयलरपुढे एक काळासावळा, दाढीवाला माणूस हात आडवे करून उभा होता. मुकादम त्याच्या अंगावर ओरडत होता, “अरे हट, दिवस बुडायला आला!” तो हटत नव्हता. “मुकादमजी, जप की माला है,” तो म्हणत होता. “कोई ऐसे ही नहीं टाँगता. पहले देख तो लेने दो.” त्याच्या उघड्या तळहातावर माझ्या आईची माळ होती.

मी काय ओरडले ते मला आठवत नाही. तो माणूस हातात बॅटरी घेऊन बॉयलरच्या तोंडातून आत सरपटत गेला. मासळीवालीने माझा दंड घट्ट धरून ठेवला होता. थोड्या वेळाने आधी त्याचे पाय बाहेर आले, मग तो, आणि त्याच्या मागून गंजाने माखलेले आमचे हे. बाहेर येताच उन्हात डोळे किलकिले करत हे खेकसले. कित्येक महिन्यांनी मी ह्यांचा आवाज चढलेला ऐकला.

“बिल्ला लावलाय, दिसत नाही काय रे? आत माणूस असताना साखळी कोणी बांधली?”

त्या दाढीवाल्याने नुसता तळहात पुढे केला. ह्यांनी माळेकडे बघितलं, मग तोंडाजवळच्या त्या खिळ्याकडे, मग आपल्या खिशात हात घातला. बिल्ला कधीच फाटकावर जमा झाला होता. जन्मभराच्या सवयीने हात खिशात गेला असेल आणि जे लागलं ते खिळ्याला अडकवलं असेल, असं कोणी म्हणेल. मी नाही म्हणत नाही. ह्यांना विचारलं तर हे आजही शपथेवर सांगतात की मी पितळी बिल्लाच लावला होता, बोटांना त्याचा गारवा लागला होता. तेव्हा मात्र हे तिथेच जमिनीवर बसले आणि लहान मुलासारखे रडले. मीही शेजारी बसले. सगळ्यांसमोर नवऱ्याच्या पाठीवरून हात फिरवायची ती माझी पहिलीच वेळ.

आत कशाला गेला होतात, हे मी पुढे एकदाच विचारलं. “आत गार असतं,” एवढंच म्हणाले. परत बाहेर यायचं मनात होतं की नव्हतं, ते मी विचारलं नाही. काही गोष्टी विचारायचा हक्क बायकोलाही नसतो. एरवी मी कुठे थांबणारी आहे? पण तिथे थांबले.

दुसऱ्या दिवशी केळीच्या पानात भाकरी आणि तळलेले बोंबील बांधून मी त्या दाढीवाल्याला शोधत गेले. तो मुसलमान होता, दूरच्या मुलुखातून पोटासाठी आलेला. मी नाव विचारलं, म्हटलं, रोज प्रार्थनेत घेईन. तो लाजला. “मेरा नाम क्या, माँजी. हमारे घर में भी तस्बीह है, ऐसी ही जप की माला. देखी तो हाथ रुक गया.” त्याने नाव सांगितलं नाहीच. आठवड्याभरात बॉयलर गेले, साखळ्या गेल्या, माणसंही गेली. त्याला मी पुन्हा कधी पाहिलं नाही. माझ्या प्रार्थनेत तो आजही बिननावाचा आहे, आणि ज्याला कळायचं त्याला कळत असणार.

कारखाना का बंद झाला, एवढ्या घरांची चूल आणि एवढ्या माणसांचा मान का गेला, त्याचं उत्तर मला मिळालेलं नाही. मिळेल असंही वाटत नाही. मी मागत होते ते त्याने दिलं नाही. त्या दुपारी मागणं सोडून हात रिकामे केले, तेव्हा त्याने माझा माणूस त्यात ठेवला. ह्यात माझ्या भक्तीचा काही गुण नाही. मी तर भांडतच गेले होते. हवं ते ठरवून मागणाऱ्या मला इतकंच कळलं, की आपल्याला काय लागतं हे आपल्यापेक्षा त्याला जास्त ठाऊक असतं. अजूनही मी भाव करते, पण आता शेवटचा शब्द त्याचा.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी आम्ही वेदीपुढे बसलो, तर हे येऊन माझ्या शेजारी गुडघ्यावर बसले. आमचे सगळ्यांचे आवाज ह्यांना ऐकू येत नाहीत, त्यामुळे हे आपल्या चालीने म्हणतात, खूप मोठ्याने आणि आमच्या बरेच मागून. आमची ‘नमो मरिया’ संपते तेव्हा ह्यांची अर्ध्यावर असते. पहिल्या दिवशी सुना पदर तोंडाला लावून हसल्या, मलाही हसू आलं. मग हळूहळू घराला सवय झाली. आता आमचं म्हणून झालं की आम्ही सगळे गप्प राहतो, आणि ह्यांचं आमेन येईपर्यंत कोणी उठत नाही.