तीन बोटांची फट

आमच्या ह्यांनी जादुई वास्तववादावरचं उत्तर आजवर बावीस वेळा लिहिलं, आणि त्यातली एक कादंबरी वाचली असेल तर शपथ! गाईड लिहितात हे. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात पोरं विकत घेतात ना, ठळक प्रश्न आणि खाली उत्तर, तसली. आधी कॉलेजात शिकवायचे. मग एक दिवस प्रकाशक घरी आला, गोड गोड बोलला, आणि हे मागच्या खोलीत जाऊन बसले ते बसलेच.

वर्षाला चारशे प्रश्न काढतात. मला मात्र तीस वर्षांच्या संसारात एकही विचारला नाही. "चहा" म्हणतात, "पेन" म्हणतात, "वाच" म्हणतात. बस्स.

खोली दहा बाय आठची. टेबल, खुर्ची, लोखंडी कॉट, आणि आतच संडास-बाथरूम. ते आहे म्हणून निभावलं. कारण त्या खोलीची चौकट आखडते. पहिल्या वर्षी दार घासायला लागलं, तेव्हा सुताराने रंधा मारला. दुसऱ्या वर्षी पुन्हा मारला. पाचव्या वर्षी तो म्हणाला, "काकू, हे आता दार नाही राहिलं, फळी झाली," आणि ती फळी भिंतीला टेकवून गेला. त्यानंतर हे अंग चोरून बाहेर यायचे. मागच्या वर्षी शेवटचे आले, ते शर्टाची दोन बटणं चौकटीला देऊन. खिडकीचंही तेच. आता तिच्यातून चहाची बशी जाईल, एवढीच उरलीय.

गवंड्याला बोलावलं. त्याने भिंत ठोकून पाहिली, कान लावला आणि म्हणाला, "हात लावला तर वरचा मजला खाली येईल." चहा पिऊन गेला. समोरच्या वहिनी म्हणाल्या, "ओल धरते हो. आमच्या बाथरूमचंही तसंच झालंय." लेकीला फोन केला, तर ती म्हणते, "आई, बाबा तसेही कुठे बाहेर येत होते?" आणि मी तरी काय दिवे लावले? बाजारात जाऊन चपटा डबा आणला, फटीतून सरकेल असा. आत भरलेला जातो, बाहेर लख्ख रिकामा येतो.

परवापर्यंत तीन बोटांची फट राहिली होती. आठवड्याला एक बोट जात होतं. म्हणजे तीन आठवडे, मग माझा नवरा भिंतीच्या पलीकडे आणि मी अलीकडे. पुढे डबा कुठून सरकवायचा, हे मला कोणी सांगत नव्हतं.

परवा दुपारी प्रुफं आली. मी फटीशी स्टुलावर बसून मोठ्याने वाचते, हे आत हस्तलिखित धरून तपासतात. आमचं काय ते बोलणं एवढंच.

"उगम," मी वाचलं. "ही संज्ञा प्रथम चित्रकलेसंदर्भात युरोपात वापरली गेली. पुढे लॅटिन अमेरिकेतील लेखकांनी ती कथा-कादंबरीत रुजवली. वैशिष्ट्य एक. अद्भुत घटना रोजच्या घरात घडते. दोन. निवेदक ती बाजारहाट सांगावी तशी थंडपणे सांगतो. तीन. कथेतील कोणालाही तिचे आश्चर्य वाटत नाही."

मी थांबले.

"थांबू नकोस. चार नंबर," आतून आवाज आला.

"चार. एखाद्या पात्राला आश्चर्य वाटले, तर ते जग तिथेच मोडते." मी कागद खाली ठेवला. "अहो, हे आपलंच लिहिलंय की तुम्ही! बावीस वर्षं लिहिताय आणि तुम्हालाही कळलं नाही, मलाही नाही."



मी उठले. छातीवर हात ठेवून चौकटीसमोर उभी राहिले आणि म्हणाले, "अगंबाई!" चौकट ढिम्म हलली नाही. आरशासमोर जाऊन डोळे मोठे करून बघितले, परत आले, परत म्हणाले. नाटकात नवी आलेली बाई बोलते तसं ते निघालं. शेवटी वहिनींना हाक मारली. म्हटलं, तुम्ही तरी जरा दचका. त्यांनी फटीकडे पाहिलं, भिवया चढवल्या, "बाप रे" म्हणाल्या आणि मग विचारलं, "बास का? कुकर लावलाय मी."

त्या गेल्यावर मला रडूच फुटलं. सगळा जन्म ज्याच्यासोबत काढला तो माणूस भिंतीत चाललाय, आणि मला साधं दचकता येत नाही! कशाकशाची सवय करून घेतली मी, कोण जाणे. चांगली हुंदके देऊन रडले. ह्यांना ऐकू जाऊ नये म्हणून पदर तोंडात धरायची माझी रीत, ती सुद्धा पाळली नाही.

आत खुर्ची सरकली. पावलं फटीजवळ आली. ह्यांनी घसा खाकरला, दोनदा.

"तू... तू जेवलीस का?"

"अगंबाई!"

निघून गेलं तोंडातून. मी म्हणाले नाही, ते आपोआप निघालं. चौकट करकरली, वरून चुना पडला माझ्या केसांत. मी बोटं घालून पाहिली. चार!

"अहो, चार बोटं झाली! अजून विचारा. काहीही विचारा!"

वर्षाला चारशे प्रश्न काढणारा माणूस, आणि ह्यांना दुसरा प्रश्न सुचेना. बऱ्याच वेळाने म्हणाले, "थांब. विचार करतोय."

मी स्टूल ओढून फटीशी बसले. पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलंच होतं.

"नाही जेवले अजून," मी म्हटलं.

फटीतून चपटा डबा बाहेर आला. मी सवयीने हात पुढे केला, तर हाताला वजन लागलं. झाकण उघडून पाहिलं. अर्धा ठेवला होता.

चौकटीने पुन्हा आवाज केला, तेव्हा मी बोटं लावून मोजायचंसुद्धा विसरले.