माझा चालायचा अर्धा तास

शाळेतली आरोग्य तपासणी खरं तर मुलांसाठी होती. मुलं लवकर आटोपली, तेव्हा तपासायला आलेल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चला, आता शिक्षकांनीही बसा." माझा तो तास मोकळा होता म्हणून मी बसले. त्यांनी दंडाला पट्टा बांधला, एकदा फुगवला, आकडा बघितला आणि पुन्हा फुगवला.

"मॅडम, बीपी शेवटचं कधी तपासलं होतं?"

"बाळंतपणात," मी म्हणाले. माझी मुलगी एकवीस वर्षांची आहे.

मी धुळ्यात एका माध्यमिक शाळेत गणित शिकवते. वय एकोणपन्नास. घरी सासरे, नवरा आणि मुलगी. नवरा नरडाण्याच्या कारखान्यात पाळीवर जातो. सासऱ्यांना सगळे आबा म्हणतात. ते एसटीत ड्रायव्हर होते, आता सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाईंनी आठवडाभरात तीन वेळा बोलावून बीपी मोजलं. एकशे बावन्नच्या खाली काही ते आलं नाही. म्हणाल्या, "पाळी जायच्या वयात असं वाढतं. शिवाय काम बैठं."

मला रागच आला. रोज पाच तास फळ्यासमोर उभी असते मी. सकाळी चौघांचा स्वयंपाक, संध्याकाळी चौघांचा स्वयंपाक. मी म्हणाले, "बसते कुठे मी?"

"दमणं वेगळं आणि व्यायाम वेगळा," त्या म्हणाल्या. "रोज सलग अर्धा तास चाला. दम लागला पाहिजे, पण बोलता आलं पाहिजे, एवढ्या वेगानं. मीठ कमी, पापड-लोणचं बंद. घरी बीपी मोजत जा. तीन महिने करून बघू, नाही उतरलं तर गोळी."

अर्धा तास. मला वाटलं, त्यात काय एवढं!

नवऱ्यानं त्याच आठवड्यात मेडिकलमधून बीपीचं मशीन आणलं. रविवारी सकाळी खोक्यातून काढलं आणि पहिल्यांदा स्वतःला लावलं. एकशे चोवीस. हा माणूस कारखान्यातून आला की जेवतो आणि मोबाइल घेऊन आडवा होतो. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातही गाडीवरून जातो. "बघ," तो मला म्हणाला, "टेन्शन घ्यायचं नसतं."

तेवढ्यात आबा मागच्या खोलीतून आले. आबा शिरपूरकडच्या खेड्यातले, बोलणं अजून अहिराणीच. तरुणपणी आखाड्यात जायचे आणि अजूनही रोज सकाळी पंचवीस जोर काढतात. जोर काढून, घाम पुसत, उभ्या उभ्याच त्यांनी हात पुढे केला. आकडा आला एकशे शहाऐंशी. त्याच वेळी मुलगी मैदानावरून धावून आली. ती पोलीस भरतीची तयारी करते. आठशे मीटर वेळ लावून धावायचं असतं, म्हणून रोज पाचला उठून जाते. ती धापा टाकत पाणी पीत होती, तशीच तिच्या बापानं तिच्या दंडाला पट्टा गुंडाळला. एकशे चौसष्ट.

मी कणकेच्या हातानं स्वयंपाकघरातून ओरडले, "अरे, आत्ता नका मोजू! पाच मिनिटं बसू तरी द्या!" कोणी ऐकलं नाही.

आबांनी स्वतःचा आकडा बघितलाच नाही. नातीचा मात्र पकडला. "पोरले बीपी शे!" ते म्हणाले. "एवढीशी पोर, आनि एकशे चौसष्ट! बंद करा तिनं पळनं."

"आबा, ती आत्ता धावून आली आहे."

"मंग? पळीसन बीपी व्हयनं ना तिले!"

दुपारी मी भांडी आवरत होते तेव्हा जळगावहून फोन आला. माझी थोरली नणंद, जिला आम्ही अक्का म्हणतो. आबांनी तिला सकाळीच कळवलं होतं.

"अगं, पोरीला बीपी आहे आणि आम्हाला सांगितलं नाहीस?" अक्का म्हणाली. "मी इथे एका चांगल्या घरी तिच्याबद्दल बोलून ठेवलंय. आता मी त्यांना काय सांगू?"

"अक्का, तिला बीपी नाही. आणि तुम्ही कोणाच्या घरी बोललात? आम्हाला कुठे विचारलं?"

"ते राहू दे. आधी तिचं पळणं थांबव. पोरीच्या जातीला एवढं पळणं सोसत नाही, मी म्हणतच होते."

फोन ठेवला तेव्हा माझे कान तापले होते. बीपी माझं वाढलेलं, मशीन माझ्यासाठी आणलेलं, आणि सकाळपासून मला कोणी विचारलंही नव्हतं की तुझं किती आलं. मुलगी खोलीत जाऊन बसली. थोड्या वेळानं बाहेर येऊन म्हणाली, "आई, खरंच काही असेल तर मेडिकलला बाद करतील ना गं मला?" तिचा चेहरा बघून मी ठरवलं, उद्या सगळ्यांना दवाखान्यात न्यायचं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दवाखान्यात आम्ही तिघं: आबा, मुलगी आणि मी. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "पाठ टेकून बसा, पाय जमिनीवर, दहा मिनिटं बोलायचं नाही." आबांना ते काही जमलं नाही. शेजारच्या माणसाला त्यांनी तो कोणत्या गावचा ते विचारलंच.

मुलीचं बीपी निघालं एकशे दहा. डॉक्टरीणबाई तिला म्हणाल्या, "धावताना हृदय जोरात रक्त ढकलतं, तेव्हा वरचा आकडा चढणारच. चढायलाच हवा. तुझ्या वयात तो काही मिनिटांत खाली येतो. खुशाल धाव."

मुलीनं सोडलेला श्वास मला ऐकू आला.

आबांचं शांत बसूनही एकशे बासष्ट होतं. त्यांना त्या म्हणाल्या, "आबा, वयाप्रमाणे रक्तवाहिन्या ताठ होतात. तरुण माणसासारख्या ताणत नाहीत. त्यात तुम्ही श्वास रोखून जोर काढता, तेव्हा बीपी एकदम उसळी मारतं आणि खाली यायलाही वेळ लागतो. जोर बंद. गोळी सुरू. रोज चाला, आणि थांबायच्या आधी पाच मिनिटं हळू चालत जा, एकदम थांबू नका."

आबा फुरंगटले. "पस्तीस वरीस एसटीनं स्टेरिंग धरं मी," ते म्हणाले. "माले काय धाड भरनी शे?"

"धाड भरू नये म्हणूनच सांगते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

आता आबांना चालायला कोण नेणार? नवरा म्हणाला, "तुला जायचंच आहे ना, मग त्यांनाही ने." हे वाक्य तो इतक्या सहज बोलला की मीही हो म्हणून गेले. पुढचे अडीच महिने मी त्या एका 'हो'ची शिक्षा भोगली.

आम्ही पांझरेच्या काठच्या रस्त्यानं जायचो. आबांना रस्त्यात दर पन्नास पावलांवर कोणीतरी भेटायचं. एसटीतला जुना कंडक्टर, दूधवाला, मैद्याच्या पोत्यांवर बसलेला बेकरीवाला. प्रत्येकाशी उभं राहून बोलायचं, प्रत्येकाला माझी ओळख करून द्यायची. "हाई मनी सून शे. इले बीपी शे." स्वतःच्या बीपीचं नाव नाही! मध्येच एखादा साठीचा माणूस आम्हाला ओलांडून पुढे गेला की आबांच्या अंगात यायचं. ते हात हलवत त्याच्या मागे सुटायचे, आणि मी त्यांच्या मागे "आबा, हळू, आबा, हळू" करत. त्याला गाठलं की पुन्हा उभे, पुन्हा गप्पा. घरी यायला तास व्हायचा आणि त्यात माझं सलग चालणं पाच मिनिटंही नसायचं. मग धावतपळत डबे, धावतपळत शाळा.

मार्चमध्ये परीक्षा आल्या. एका सकाळी पेपरांचा गठ्ठा तपासायचा होता म्हणून मी मुलीला म्हणाले, "आज तू आबांना मैदानावर घेऊन जा." तासाभरानं दारात रिक्षा थांबली. मुलगी एका बाजूनं आणि रिक्षावाला दुसऱ्या बाजूनं आबांना धरून आत आणत होते. आबांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

झालं असं होतं की आबांनी उपाशीपोटी गोळी घेतली, मैदानावर भरतीच्या पोरांबरोबर दोन फेऱ्या झपाझप मारल्या आणि ओळखीचा माणूस दिसताच खटकन उभे राहिले. बोलता बोलता खालीच बसले. मुलीनं त्यांना आडवं केलं, त्यांचे पाय स्वतःच्या पिशवीवर उंच ठेवले आणि कोणालाही गर्दी करू दिली नाही. हे सगळं तिनं मला अगदी शांतपणे सांगितलं आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडली.

मशीनवर आकडा आला अठ्ठ्याण्णव.

आम्ही तडक दवाखान्यात गेलो. हृदयाचा आलेख काढला, तो ठीक निघाला. डॉक्टरीणबाईंनी गोळी कमी केली, वेळ बदलून दिली. म्हणाल्या, "व्यायामानंतर रक्तवाहिन्या सैल राहतात, बीपी काही तास खालीच असतं. ते चांगलंच आहे. पण वर गोळीचा असर, पोट रिकामं, डोक्यावर ऊन, आणि त्यात एकदम थांबलात. रक्त पायातच राहिलं. या वयात शरीराला सावरायला वेळ लागतो, आबा."

आबा घरी येऊन म्हणाले, "पाहा, जोरनी कधी पडनू नही. चालनं माले बाधनं." आणि चालणं बंद केलं.

आठवडा गेला. एका सकाळी मागच्या खोलीचं दार लावलेलं दिसलं. आतून तो ओळखीचा आवाज: श्वास रोखायचा, मग भस्सकन सोडायचा. मी दार ढकललं. आबा जमिनीला हात टेकून होते.

माझा तोल गेला. इतक्या वर्षांत मी त्यांच्यासमोर कधी आवाज चढवला नव्हता. "आबा, तुमचं काय चाललंय? तुम्ही पडलात की दवाखाना मी करायचा, रजा मी टाकायची, अक्कांचे फोन मी घ्यायचे! माझं बीपी कोणामुळे वाढलंय, ठाऊक आहे तुम्हाला?"

आबा उठून खाटेवर बसले. पंच्याच्या टोकाशी चाळा करू लागले. मग म्हणाले, "चालनं म्हनजे माले म्हताराना काम वाटस. जोर काढस तव्हय माले वाटस, मी अजून शे."

मी दार ओढून घेतलं. वाईटही वाटलं आणि तरीही माझा राग गेला नाही. दोन्ही एकाच वेळी घेऊन मी शाळेत गेले आणि नववीच्या वर्गावर विनाकारण ओरडले.

तीन महिने झाले तेव्हा मी माझी तपासणी करायला गेले. एकशे पन्नास.

"चाललात?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"रोज. आबांबरोबर."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "म्हणजे नाही चाललात."

त्यांनी लहान गोळी लिहून दिली आणि पुन्हा तेच सांगितलं: सलग अर्धा तास. परत येताना रिक्षात मी स्वतःवरच चिडले होते. अडीच महिने रोज तासभर बाहेर घालवून मी काय केलं, तर दुसऱ्यांच्या गप्पा ऐकल्या.

त्या संध्याकाळी जेवताना मी जाहीर केलं, "उद्यापासून पावणेसहा ते सव्वासहा मी एकटी चालायला जाणार. डबे त्यानंतर. आबांना तू ने."

नवरा म्हणाला, "मला कुठे बीपी आहे?"

"चालायला बीपी लागत नाही," मी म्हणाले. "आणि तुला पंचावन्न पुरी होतील आता. बाप बघ तुझा." मुलगी ताटात बघून हसली. नवऱ्यानं तोंड वाकडं केलं, पण सकाळी तो उठला; मुलगाच न्यायला उभा राहिल्यावर आबांनीही कुरकुरत चपला घातल्या. पाळी रात्रीची असली की मुलगी आबांना नेते.

मे महिन्यात आम्ही जळगावला अक्काकडे गेलो. सकाळी मी मेहरूण तलावाकडे चालायला निघाले तर अक्काही आली. पहिल्याच वळणावर तिला धाप लागली. बाकावर बसली आणि म्हणाली, "मला नाही गं जमत. मला सहा वर्षं झाली बीपीची."

"सहा वर्षं? गोळी घेता ना?"

"डोकं दुखलं की घेते."

"अक्का, ती रोज घ्यायची असते! डोकं दुखायची वाट बघतात का? आणि पोरीच्या वेळी तुम्ही केवढा गोंधळ घातला!"

"तिचं लग्न व्हायचंय," अक्का म्हणाली. "माझं झालंय."

मी कपाळाला हात लावला. मग तिथेच बसून तिच्याकडून कबूल करून घेतलं की त्याच दिवशी डॉक्टरकडे यायचं. ती आली. यायच्या आधी दोनदा कुरकुर केली, पण आली. आता गोळी रोज घेते म्हणते. मी फोन केला की विचारते, आणि ती चिडते.

माझं बीपी आता एकशे तीसच्या आसपास असतं. गोळीनं किती उतरलं आणि चालण्यानं किती, ते सांगता येत नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, दोन्हीनं, आणि एकही सोडू नका. मुलगी मैदानी चाचणीत पास झाली, लेखीत थोडक्यात राहिली. ती पुन्हा रोज पाचला उठते. आबा चालतात, शेवटी वेग कमीही करतात, पण घरी येऊन तक्रार करतात की त्यांचा मुलगा मागे पडतो, त्याला दम नाही.

काल सकाळी मी निघाले तर आबा चपला घालून दारात उभे होते. नवरा रात्रपाळीहून आला नव्हता, मुलगी मैदानावर गेली होती. "आज तुनासंगे येस," ते म्हणाले.

"आबा, ती येईल अर्ध्या तासात. तिच्याबरोबर जा," मी म्हणाले आणि निघाले. पांझरेच्या पुलापर्यंत मला सारखं वाटत होतं की वळावं. वळले नाही. झपाझप चालत राहिले.