मुलगी बघायला गेलो आणि डिरेक्टरी फाडली

मला एक सांगा, मुलगी बघायला गेल्यावर मुलाच्या भावानं ज्यांची नवीकोरी टेलिफोन डिरेक्टरी टराटरा फाडली, त्यांनी मुलगी दिलीच कशी? आईला विचारलं, ती म्हणाली, "गप रे." वहिनीला विचारलं, ती हसत आत निघून गेली. दादाला विचारलं, तर म्हणाला, "तुला कायकू पंचाईत?" आता तर दादाच राहिला नाही. दिवाळीनंतर गेला. उत्तर राहिलंच. पण किस्सा आहे ना! चहा घ्या, गार होतोय.

तर आमचा दादा. तारनाक्याला रेल्वेत फिटर होता. हात म्हणजे काय हात! लोखंडी खिळा दोन्ही मुठींत धरायचा, गाल फुगवायचा, की खिळा वाकून नमस्कार करायचा. गणपतीत गल्लीतले लोक दादाचे खिळे बघायला यायचे, आरतीनंतर.

मलाही शिकायचं होतं. लगेच. मला सगळं लगेच पाहिजे असतं, म्हणून तर सातवीच्या पुढं काही शिकलो नाही.

दादाचं मात्र सगळं हळूहळू. "आधी कपडा," म्हणायचा. खिळा जाड कपड्यात गुंडाळायचा, नाहीतर टोक तळव्यात जातं. सुरुवात लांब आणि बारीक खिळ्यानं करायची. आखूड खिळा गरीब दिसतो, पण ऐकत नाही. तोंडाजवळ धरायचा नाही. मनगट दुखलं की थांबायचं. डिरेक्टरी घ्यायची ती जुनी, पातळ. आडवी नाही, उभी फाडायची. दोन्ही अंगठ्यांनी मधे घडी पाडायची, म्हणजे पानं सुटी होतात आणि एकामागून एक फाटतात. सगळी एकदम नाही.

आणि मी काय केलं? पहिल्याच दिवशी कपड्याशिवाय खिळा धरला. तळव्याला भोक आणि कमरेत धनुर्वाताची सुई! मग डिरेक्टरीकडं वळलो. अफझलगंजच्या रद्दीवाल्याकडून जुन्या डिरेक्टऱ्या आणायचो आणि दार लावून झटायचो. घामानं पुठ्ठा भिजायचा, पण एक पान फाटेल तर शपथ.

अशात दादाला स्थळ आलं. बेगम बाजारातले माणिकराव, हळद-मिरचीचे व्यापारी, मूळचे आमच्याच नांदेडकडचे. मुलीचा फोटो आला आणि दादा कामातून गेला. खिसा सारखा चाचपायचा, फोटो आहे ना म्हणून. जायच्या दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाळ्या, हे जमलं पाहिजे रे. तू फक्त बिस्किटं खा. बोलू नक्को."

"हौ," म्हणालो मी. अगदी मनापासून म्हणालो हो!

माणिकरावांच्या घरी नवा फोन आलेला होता. नंबर लावून वर्षानुवर्षं बसले होते लोक, आणि आता कुठं भराभरा फोन यायला लागले होते. त्या गल्लीतला हा पहिलाच. फोनला कुंकू, फोनवर विणलेला रुमाल, आणि शेजारी तशाच रुमालाखाली डिरेक्टरी. अख्खी गल्ली तिथं येऊन नंबर शोधायची.

आम्ही बसलो. उप्पीट आलं. मुलगी आली, चहा देऊन पडद्याआड गेली. दादानं मान वर केली नाही, कपाला मात्र दोनदा नमस्कार केला.

माणिकरावांनी विचारलं, "मग? नोकरीशिवाय आणखी काय करता?"

"काही नाही," दादा म्हणाला.

काही नाही? माझ्या दादाला काही नाही? ती मुलगी पडद्यामागं ऐकतेय, आणि हा म्हणतो काही नाही! माझ्या तोंडातलं बिस्किट तिथंच थांबलं.

"काही नाही कसं?" मी म्हणालो. "दादा लोखंड वाकवतो! डिरेक्टऱ्या फाडतो!"

माणिकरावांच्या बायकोनं पदर सावरला. "म्हणजे... राग आला की फाडतात का हो?"

"नाही नाही काकू! रागात नाही. शांतपणे फाडतो."

"शांतपणे?" काकूंचा आवाज चिरकला. शांतपणे फाडणारा जावई त्यांना रागावून फाडणाऱ्यापेक्षा जास्त भयंकर वाटला असणार. आईनं माझ्या मांडीला असा चिमटा काढला की काय सांगू. पण मी थांबतोय कुठं? दादाचं लग्न माझ्यामुळं मोडायला लागलं होतं, आता सावरायचं पण मीच!

"तसं नाही काकू, बघा, यात रागाचं कामच नाही. नुसतं असं धरायचं," म्हणत मी रुमाल बाजूला करून डिरेक्टरी उचलली. नुसती दाखवायला हं! "असे अंगठे ठेवायचे, अशी घडी पाडायची, आणि..."

टर्रर्र!

अहो, इतके दिवस रद्दीची फाटत नव्हती! आणि ही फाटली! वरपासून खालपर्यंत, उभी. शिवणीकडचा भाग माझ्या डाव्या हातात, सुट्या पानांचा गठ्ठा उजव्यात. घाबरून उजवा हात सोडला. पाहुणे आले म्हणून पंखा पाचवर होता. बेगम बाजारात कधी बर्फ पडला नसेल, त्या दिवशी पडला. एक पान माणिकरावांच्या उप्पिटात.

पानं अजून खाली येत होती. आणि दादा हळूच म्हणाला, "अंगठे बरोबर ठेवलेस."

त्याच्या तोंडून निघूनच गेलं ते! शिकवलेलं पोरगं पहिल्यांदा पास झालं होतं ना. पडद्यामागून कोणीतरी फिस्सकन हसलं.

तेवढ्यात शेजारच्या खालाजान फोन करायला आल्या. "अई! किताब कू क्या हुआ?"

"पाहुण्यांनी फाडली," माणिकराव म्हणाले.

"कायकू?"

"शांतपणे," माणिकराव म्हणाले आणि उप्पिटातलं पान उचलून बाजूला ठेवलं.

दादा उभा राहिला. "मी जोडून देतो," म्हणाला. "रविवारी येतो. पान न् पान जोडून देतो."

रविवारी आम्ही कणकेची खळ घेऊन गेलो. आता मजा बघा. डिरेक्टरी इंग्रजीत. एका बाजूला नावं राहिलेली, दुसऱ्या बाजूला नंबर गेलेले. दादाला इंग्रजी वाचता यायचं, म्हणून जुळवायचं काम त्याचं आणि खळ लावायचं माझं. मदतीला मुलगी बसली. झालं! दादा एक पान हातात धरायचा आणि तिच्याशी बोलत राहायचा. ती दुसरा तुकडा घेऊन त्याच्याकडं बघत राहायची. असं किती रविवार चाललं असतं? मग मीच मनाशी म्हणालो, यांना बोलू दे, पानं मी जुळवतो. वाचायला कशाला पाहिजे? फाटलेल्या कडा जुळल्या की झालं!

आता एका झटक्यात फाटलेल्या पानांच्या कडा सगळ्या सारख्याच असतात, हे मला कोण सांगणार? संध्याकाळपर्यंत डिरेक्टरी तयार. माणिकरावांनी माझी पाठ थोपटली.

त्याच आठवड्यात तिकडून होकार आला. कसा, ते विचारू नका, तेच तर मी विचारतोय!

पण पुढचं ऐका. माणिकरावांनी मुहूर्तासाठी गुरुजींना फोन लावला. नाव गुरुजींचं, नंबर बँडवाल्याचा.

"महाराज, कोणता दिवस चांगला?"

"हमारेकू सब दिन अच्छे, साब!"

"अहो, पण लग्न कोणत्या वेळेला लागतं?"

"जब बोले तब बजाते! घोडा होना क्या?"

माणिकरावांनी फोन आपटला. गुरुजींचं डोकं फिरलंय, असं त्यांनी सगळ्या गल्लीला सांगितलं. तिकडं खालाजान डॉक्टरला ताप सांगायच्या आणि पलीकडचा सिमेंटवाला विचारायचा, किती गोण्या? अख्खी गल्ली परेशान. आणि मला अजून वाटत होतं की फोन खात्याचाच काही घोटाळा आहे!

लग्न झालं. तोच बँड आला, घोड्यासकट.

दादा-वहिनीचा संसार मजेत चालला. वहिनी रुसली की दादा एक खिळा वाकवून तिच्यापुढं ठेवायचा आणि ती हसायची. आमच्या घरात टॉवेल, पिशव्या, कॅलेंडर, सगळं त्या रुसव्यांवर टांगलेलं आहे.

यंदा दादा आजारी पडला. दवाखान्यानं घरी पाठवलं. हातांच्या काड्या झाल्या होत्या. एका दुपारी वहिनी त्याला खुलवायला म्हणाली, "अहो, दारामागं पिशवीला एक खिळा द्या की वाकवून." दादा आपल्या हातांकडं बघत राहिला. वहिनीसमोर 'जमत नाही' म्हणायची त्याच्यावर कधी वेळ आली नव्हती.

"मी आणतो खिळा!" म्हणत मी स्वयंपाकघरात पळालो. खिळा सांडशीत धरून गॅसवर लालभडक केला, मग गार होऊ दिला. असं केलं की लोखंड मऊ पडतं. काळा पडला होता, म्हणून वरून फडकं गुंडाळलं आणि दादाच्या हातात दिला.

दादा फिटर. फडक्यातूनच त्याला कळलं. माझ्याकडं बघितलं. मग गाल फुगवले, डोळे मिटले, मोठ्ठा जोर लावल्याचं सोंग केलं आणि खिळा वाकवला.

वहिनीनं टाळ्या वाजवल्या. "बघा! आहे की अजून ताकद!" दादा कितीतरी दिवसांनी हसला. मी मनात म्हणालो, जमलं! आयुष्यात पहिल्यांदा काही बिघडवलं नाही!

वहिनीनं खिळा हातात घेतला, जरा वेळ बघितला आणि मान वर न करता म्हणाली, "भावजी, तेवढा गॅस बंद करून या."

दादा इतका हसला की खोकला लागला, वहिनी त्याची पाठ चोळत स्वतःच हसायला लागली. मी आत गेलो आणि गॅस बंद केला. दादासाठी मी केलेलं शेवटचं काम ते.